घर घेताना मुद्रांक शुल्क: रेडी रेकनरपासून इंडेक्स टूपर्यंत, क्रमाने

घराचा सौदा पक्का होतो, टोकन दिलं जातं, कर्ज मंजूर होतं आणि मग नोंदणीच्या आठवडाभर आधी कुणीतरी सांगतं, ‘स्टँप ड्युटीचे सव्वापाच लाख तयार ठेवा, बँक ते देत नाही.’ बहुतेक चुकांचं मूळ इथेच असतं. मुद्रांक शुल्क हा शेवटचा सोपस्कार समजला जातो, पण त्याचा हिशोब किंमत ठरवण्याच्याही आधी व्हायला हवा. क्रम चुकला की पैसे कमी पडतात, चलन चुकीच्या कार्यालयाचं निघतं, नाहीतर दस्त अडकतो.

हा लेख महाराष्ट्रातल्या राहत्या घराच्या खरेदीपुरता आहे: फ्लॅट, रो हाउस, बंगला. शेतजमीन, दुकान, बक्षीसपत्र आणि वारसाहक्काचे नियम वेगळे आहेत.

## आधी शब्द नीट लावून घ्या

घरखरेदीच्या वेळी ‘टॅक्स’ या एका शब्दाखाली पाच गोष्टी मिसळल्या जातात. घेणारे वेगळे, भरण्याची जागा वेगळी आणि मुदतही वेगळी.

मुद्रांक शुल्क राज्य सरकारचं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ खाली ते दस्तावर लागतं, घरावर नव्हे. म्हणून दस्तात काय लिहिलं आहे यावर बरंच काही ठरतं.

नोंदणी फी म्हणजे दस्त सरकारी दप्तरात नोंदवण्याची फी. ती मूल्याच्या १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. म्हणजे ३० लाखांच्या पुढचं घर कितीही महाग असलं तरी फी तेवढीच.

जीएसटी केंद्राच्या व्यवस्थेतला, आणि तो फक्त बांधकाम चालू असलेल्या घरावर लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर बिल्डरकडून घेतलेल्या घरावर किंवा जुन्या घराच्या पुनर्विक्रीवर तो नाही.

टीडीएस हा तुमच्या खिशातला जादा खर्च नाही. विक्रेत्याला द्यायच्या पैशांतून कापून तो आयकर खात्याकडे भरायचा असतो. तो विसरला तर दंड मात्र तुमच्यावर येतो.

मालमत्ता कर दरवर्षी महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला जातो. खरेदीच्या दिवशी त्याचा संबंध एवढाच की मागची थकबाकी शून्य असल्याची पावती विक्रेत्याकडून घ्यायची.

## पायरी १: सरकारी मूल्य स्वतः काढा

मुद्रांक शुल्क करारातल्या किमतीवर लागतं हा अर्धा समज आहे. करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांतलं जे जास्त असेल त्यावर ते लागतं. बाजारमूल्य वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून काढतात. लोक त्याला रेडी रेकनर म्हणतात. हे दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात: जिल्हा, तालुका, गाव निवडायचं आणि मग सर्व्हे नंबर किंवा नगर भूमापन क्रमांकावरून आपला विभाग शोधायचा.

विभाग रस्त्याच्या नावावरून ठरवू नका. एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन मूल्यविभागांत असू शकतात आणि दरांत चांगलाच फरक असतो. क्रमांक सातबारा, मिळकत पत्रिका किंवा आधीच्या दस्ताच्या परिशिष्टातून घ्या, दलालाच्या तोंडी सांगण्यावरून नको.

दर मिळाला की चार गोष्टी लावायच्या.

क्षेत्र. तक्त्यातला सदनिकेचा दर चौरस मीटरला आणि बांधीव क्षेत्रावर असतो, तुमच्या करारात मात्र रेराचं (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्याच्या व्याख्येतलं) चटई क्षेत्र असतं. रेरा चटई क्षेत्राला १.१ ने गुणलं की मूल्यांकनासाठीचं बांधीव क्षेत्र मिळतं. जुन्या इमारतींच्या दस्तात रेरापूर्व पद्धतीचं चटई क्षेत्र असेल तर १.२ ने गुणतात. क्षेत्र चौरस फुटांत असेल तर आधी १०.७६४ ने भागा.

मजला. लिफ्ट असलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यापर्यंत मूळ दर. पाचव्या ते दहाव्या मजल्याला ५ टक्के वाढ, अकरा ते वीसला १० टक्के, एकवीस ते तीसला १५ टक्के, त्यापुढे २० टक्के. लिफ्ट नसेल तर उलट, वरच्या मजल्यांचं मूल्य कमी धरतात.

घसारा. जुन्या इमारतीला वयानुसार सूट मिळते, आणि घरी केलेले बहुतेक हिशोब इथेच चुकतात. घसारा पूर्ण दरावर लागत नाही, कारण जमीन जुनी होत नाही. सदनिकेच्या दरातून त्याच विभागाचा जमिनीचा दर वजा करायचा, उरलेल्या बांधकामाच्या भागावर घसारा लावायचा आणि जमिनीचा दर परत मिळवायचा. सदनिकेचा दर ८०,००० आणि जमिनीचा ३५,००० असेल, तर बांधकामाचा भाग ४५,०००. घसारा जाऊन ८० टक्के मूल्य उरत असेल तर ३६,०००, अधिक ३५,०००, म्हणजे ७१,०००. थेट ८०,००० वर ८० टक्के लावणारा ६४,००० काढतो आणि नोंदणीच्या दिवशी फरकाचे पैसे शोधत फिरतो.

पार्किंग. बंदिस्त पार्किंगचं मूल्य सदनिकेच्या दराच्या २५ टक्क्यांनी धरतात. उघड्या पार्किंगला जमिनीच्या दराच्या ४० टक्के. करारात पार्किंगचं क्षेत्र लिहिलेलं असेल तर ते मूल्यांकनात येणारच.

आता एक पूर्ण उदाहरण. रेरा चटई क्षेत्र ६५ चौरस मीटर, नवी इमारत, सहावा मजला, लिफ्ट आहे, दर ८०,०००, बंदिस्त पार्किंग १० चौरस मीटर, करारातली किंमत ७५ लाख. (दर समजण्यापुरता घेतला आहे.)

- बांधीव क्षेत्र: ६५ × १.१ = ७१.५ चौरस मीटर
- मजल्याची वाढ धरून दर: ८०,००० + ५ टक्के = ८४,०००
- सदनिका: ७१.५ × ८४,००० = ६०,०६,०००
- पार्किंग: १० × ८०,००० × २५ टक्के = २,००,०००
- सरकारी मूल्य: ६२,०६,०००

करारातली किंमत जास्त आहे, म्हणून शुल्क ७५ लाखांवर लागेल.

तपासा: सरकारी मूल्य तुमच्या किमतीपेक्षा जास्त येत असेल तर इथेच थांबा आणि दोन्ही बाजूंच्या आयकराचा विचार करा. फरक ५०,००० रुपयांहून आणि किमतीच्या १० टक्क्यांहूनही जास्त असेल, तर तो सगळा फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरला जातो. विक्रेत्याचा भांडवली नफाही सरकारी मूल्यावर मोजला जातो. ‘स्वस्तात मिळालं’ असं वाटणारं घर अशा वेळी फारसं स्वस्त राहत नाही.

सावधान: शुल्क वाचवण्यासाठी करारात किंमत कमी दाखवून वरचे पैसे रोख देण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. सरकारी मूल्याच्या खाली शुल्क उतरतच नाही, त्यामुळे बचत वाटते तेवढी नसते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड तेवढ्याच रकमेचा. शिवाय उद्या हेच घर विकताना तुमची खरेदी किंमत कागदावर कमी दिसेल आणि नफा जास्त.

## पायरी २: दर कोणता, ते ठिकाणावरून ठरवा

महापालिका हद्दीत मूळ शुल्क ५ टक्के आहे. त्यावर अधिभार चढतात आणि ते शहराप्रमाणे बदलतात. मुंबईत १ टक्का मेट्रो अधिभार धरून एकूण ६ टक्के. पुणे, ठाणे, नागपूर इथे १ टक्का स्थानिक संस्थेचा आणि १ टक्का मेट्रोचा, असे मिळून ७ टक्के. मेट्रोचा अधिभार १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. त्यामुळे त्याआधीच्या एखाद्या नातेवाइकाच्या दस्तावरून दर काढाल तर १ टक्क्याची खोट येईल. नगरपरिषद आणि ग्रामपंचायत हद्दीत मूळ दर कमी असतो, आणि ग्रामपंचायत हद्दीत जिल्हा परिषदेचा उपकर जोडला जातो.

गोंधळ सीमेवरच्या गावांत होतो. पत्त्यात शहराचं नाव असतं पण गाव अजून ग्रामपंचायतीत असतं, किंवा गाव पालिकेत समाविष्ट होऊन गेलेलं असतं आणि बिल्डरच्या माहितीपत्रकावर जुनीच हद्द असते. मालमत्ता कराची पावती कोण देतं ते बघा, उत्तर मिळतं.

## पायरी ३: दस्त कुणाच्या नावावर, हे आत्ताच ठरवा

१ एप्रिल २०२१ पासून महिला खरेदीदारांना निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वरच्या उदाहरणात पुण्यात ७ ऐवजी ६ टक्के, म्हणजे ५,२५,००० ऐवजी ४,५०,०००. पंचाहत्तर हजारांचा फरक.

ही सवलत पती-पत्नीच्या संयुक्त नावावर मिळत नाही. सगळे खरेदीदार महिलाच हव्यात: एकटी महिला, मायलेकी, सासू-सून, बहिणी चालतील. दुसऱ्या नावात मुलगा किंवा नवरा आला की सवलत गेली. ‘पहिलं नाव बायकोचं टाकू’ हा उपाय चालत नाही. दुकान, कार्यालय, रिकामा भूखंड यांना ही सवलत नाही. सवलत घेतलेलं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही ही जुनी अट २०२३ मध्ये काढून टाकली आहे. काही वकिलांच्या तयार मसुद्यांत ती अजून सापडते, दिसली तर खोडायला सांगा.

पण नाव फक्त सवलतीसाठी ठरवू नका. बँक बहुधा सहमालकाला सहकर्जदार करते, आणि कर्जाच्या व्याजावरची आयकर वजावट ज्याच्या नावावर घर आणि कर्ज दोन्ही आहे त्याला मिळते. पत्नीच्या एकटीच्या नावावर घर घेतलं आणि हप्ते पतीच्या पगारातून गेले, तर ती वजावट पतीला मिळत नाही. पंचाहत्तर हजार वाचवून पुढची वीस वर्षं काय सुटतं, ते आधी कागदावर मांडा.

## पायरी ४: हातातले पैसे मोजा

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच देता येतं. अगदी स्वस्त घरं सोडली तर या मूल्यात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरत नाहीत. म्हणून ७५ लाखांच्या तयार घरासाठी, पुण्यात, सवलतीविना:

- तुमचा हिस्सा (२० टक्के): १५,००,०००
- मुद्रांक शुल्क (७ टक्के): ५,२५,०००
- नोंदणी फी: ३०,०००
- एकूण हातात हवेत: २०,५५,०००

बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटीचे आणखी ३,७५,०००. परवडणाऱ्या घरांना जीएसटी १ टक्का आहे: किंमत ४५ लाखांपर्यंत, आणि चटई क्षेत्र मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत, पुणे-नागपूर-नाशिकसारख्या शहरांत ९० चौरस मीटरपर्यंत. पुणे मोठं शहर असलं तरी या नियमापुरतं ते महानगरांच्या यादीत नाही. किंमत आणि क्षेत्र या दोन्ही अटी एकदम पाळल्या जायला हव्यात. किंमत ४५ लाखांच्या आत ठेवून पार्किंग आणि क्लबचे पैसे वेगळ्या पावतीने घेणारा बिल्डर तुम्हाला अडचणीत आणतो, कारण असे आकारही किमतीत मोजले जाऊ शकतात.

कर्ज घेणाऱ्यांनी आणखी एक लहान ओळ लिहून ठेवावी. मूळ कागद बँकेकडे ठेवल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत त्याची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ दाखल करायची असते, आणि त्या गहाणावरही मुद्रांक शुल्क लागतं. रक्कम कर्जाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी, पण ६० लाखांच्या कर्जावर खिशाला कळते.

## पायरी ५: मसुदा वाचा आणि जुनी साखळी तपासा

बिल्डरकडून घेताना साठेखतावरच, म्हणजे विक्रीच्या करारावरच, पूर्ण मुद्रांक शुल्क भरलं जातं. पुढे खरेदीखत होईल तेव्हा भरलेलं शुल्क समायोजित होतं, पण त्यासाठी पहिल्या दस्ताचा उल्लेख दुसऱ्यात हवा. रेरा कायद्यानुसार करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आधी २० टक्के भरा, मग करार करू’ असं कुणी म्हणालं तर हे कलम दाखवा.

पुनर्विक्रीच्या घरात सगळी मेहनत मागच्या कागदांवर करायची. घर आधी तीन हातांतून गेलं असेल तर तिन्ही दस्तांवर त्या-त्या वेळचं योग्य शुल्क भरलं आहे का ते बघा. शुल्क न भरलेला किंवा कमी भरलेला दस्त न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, आणि बँकेचा वकील तिथेच फाइल परत करतो. १० डिसेंबर १९८५ ही तारीख लक्षात ठेवा: त्या दिवसापासून साठेखतांवरही खरेदीखताप्रमाणे शुल्क आलं. त्यापूर्वीचं साठेखत साध्या स्टँप पेपरवर असेल तर घाबरू नका, त्यानंतरचं असेल तर चौकशी करा. तूट निघाली तर ती विक्रेत्याने, नोंदणीच्या आधी, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे भरून घ्यावी. तुटीवर दर महिन्याला २ टक्के दंड चढत जातो, त्यामुळे जुन्या दस्तावरचा दंड मूळ तुटीला मागे टाकू शकतो. ही जबाबदारी तुमच्या मसुद्यात स्पष्ट लिहून घ्या.

मसुद्यात शुल्कावर परिणाम करणारे तपशील: क्षेत्र कोणत्या प्रकारचं (चटई की बांधीव), मजला, इमारतीचं वय किंवा पूर्णत्वाच्या दाखल्याची तारीख, लिफ्ट आहे की नाही, पार्किंगचा प्रकार आणि क्षेत्र. पूर्णत्वाचा दाखला जोडला नाही तर घसाऱ्याची सूट मागायला तुमच्याकडे आधार राहत नाही.

तपासा: मूल्यांकनाबद्दल खरोखर शंका असेल (विभाग दोन दिसतात, इमारत अर्धवट मोडकळीला आली आहे, वापर मिश्र आहे) तर सही करण्याआधी मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी द्या. ते शुल्काची रक्कम लेखी ठरवून देतात. वेळ जातो, पण नंतर नोटीस आली तर हा कागद हातात असतो.

## पायरी ६: चलन भरा

शुल्क ‘ग्रास’ या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन भरता येतं. बँकेतून ई-एसबीटीआर हा छापील सुरक्षित कागदावरचा पर्यायही आहे आणि काही बँका कर्जाच्या दस्तासाठी त्याचाच आग्रह धरतात, म्हणून आधी विचारून घ्या.

ऑनलाइन चलनातले रकाने या क्रमाने भरा: विभाग (नोंदणी महानिरीक्षक), जिल्हा, दुय्यम निबंधक कार्यालय, आर्थिक वर्ष, पैसे भरणाऱ्याचं नाव आणि पॅन, दुसऱ्या पक्षकाराचं नाव, मिळकतीचं वर्णन, मोबदल्याची रक्कम. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांचे दोन वेगळे लेखाशीर्ष असतात. दोन्ही एकाच चलनात भरता येतात, पण रकमा आपापल्या रकान्यात हव्यात. ५,५५,००० एकत्र मुद्रांक शुल्काच्या रकान्यात टाकले तर नोंदणी फी पुन्हा भरावी लागते आणि जादा गेलेले ३०,००० परताव्याच्या रांगेत बसतात.

नाव पॅनवर आहे तसंच, आणि दस्तात आहे तसंच. चलन खरेदीदाराच्या नावाने असावं. पैसे भावाच्या खात्यातून गेले तरी नाव खरेदीदाराचंच.

भरणा झाला की ‘एमएच’ने सुरू होणारा जीआरएन क्रमांक मिळतो. खात्यातून पैसे गेले आणि चलन दिसत नसेल तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. जीआरएनची स्थिती आधी शोधा, बँकेची पुष्टी यायला कधीकधी वेळ लागतो. घाईत दोनदा भरलेलं शुल्क परत मिळवणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं.

सावधान: सहीच्या तारखेचा नियम. शुल्क दस्तावर सही होण्यापूर्वी, त्याच दिवशी किंवा फार तर लगतच्या पुढच्या कामाच्या दिवशी भरायचं असतं. आधी सह्या उरकून ‘चलन पुढच्या आठवड्यात’ असं करू नका. दुसऱ्या टोकाला, भरलेलं शुल्क सहा महिन्यांत वापरायला हवं. सौदा फिसकटला तर परताव्याचा अर्ज तातडीने करा, ‘दुसरं घर मिळालं की वापरू’ म्हणत चलन पडून ठेवू नका.

## पायरी ७: टीडीएस कापा

किंमत किंवा सरकारी मूल्य, यांपैकी जास्त असेल ती रक्कम ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर १ टक्का टीडीएस कापायचा. आपल्या उदाहरणात ७५,०००, विक्रेत्याला ७४,२५,०००. पार्किंग, क्लब, वीज-पाणी जोडणी असे घराशी जोडलेले आकारही किमतीत धरायचे. हप्त्याने पैसे देत असाल तर प्रत्येक हप्त्यातून कापायचा, शेवटी एकदम नव्हे.

पती-पत्नी दोघे खरेदीदार आणि प्रत्येकाचा वाटा ३७.५ लाख, म्हणून टीडीएस नाही, असा हिशोब करू नका. पूर्ण व्यवहाराची रक्कम बघतात. फॉर्म मात्र प्रत्येक खरेदीदार आणि प्रत्येक विक्रेता यांच्या जोडीला एक: दोन खरेदीदार आणि दोन विक्रेते म्हणजे चार फॉर्म.

ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत ऑनलाइन भरायचा. उशिराला रोज २०० रुपये फी आणि वर व्याज. विक्रेत्याचं पॅन आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय असेल तर दर १ ऐवजी २० टक्के होतो, म्हणून टोकन देण्याआधी पॅनची स्थिती पाहा. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हे काहीच लागू नाही. तिथे नियम वेगळे, दर खूप जास्त आणि ५० लाखांची मर्यादाही नाही. अशा व्यवहारात सनदी लेखापालाची फी वाचवू नका.

१ एप्रिल २०२६ ही आयकर अधिनियम, २०२५ लागू होण्याची तारीख आहे, आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या लेखांतला कलम १९४-आयए किंवा फॉर्म २६क्यूबी शोधत बसण्यापेक्षा आयकर संकेतस्थळावर ‘स्थावर मालमत्तेच्या खरेदीवरील टीडीएस’ असं शोधा.

## पायरी ८: नोंदणीचा दिवस

त्याआधी घरून एक काम: विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरणे, म्हणजे पब्लिक डेटा एन्ट्री. पक्षकार, मिळकत, मोबदला, चलन क्रमांक सगळं इथे टाकलं जातं आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, यावरूनच तयार होतो. सहसा हे काम टायपिस्ट करतो. त्याने भरलेली प्रत घेऊन फ्लॅट क्रमांक, क्षेत्र आणि नावांचं स्पेलिंग स्वतः तपासा, कारण नोंदणी झाल्यावर साधी टायपिंगची चूकही चूकदुरुस्तीच्या नव्या दस्ताने सुधारावी लागते. दस्त हाताळणी शुल्क पानांच्या संख्येवर, वेगळं भरायचं असतं. त्याची पावती चलनासोबत ठेवा. मग वेळ आरक्षित करा.

कार्यालयात सगळे खरेदीदार, सगळे विक्रेते आणि दोन ओळखदार, प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र आणि पॅन. कुणी कुलमुखत्यारपत्रावर येणार असेल तर त्या पत्रावरचं शुल्क आणि नोंदणीही तपासली जाते. निबंधक मूल्यांकन पाहतात, चलन ‘डिफेस’ करतात म्हणजे वापरलं गेल्याची खूण लावतात, फोटो आणि अंगठे घेतात.

सही झालेल्या तारखेपासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिने मिळू शकतात, पण नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड देऊन. मूल्यदर सहीच्या तारखेचे लागतात. म्हणूनच मार्चअखेर शुल्क भरून सह्या करून ठेवणारे लोक एप्रिलमध्ये नवे दर आले तरी जुन्या दरावर नोंदणी करू शकतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर आणि रांग दोन्ही तुंबलेली असतात, तेव्हा हे माहीत असणं उपयोगी.

## पायरी ९: घरी येण्याआधी आणि नंतर

कार्यालय सोडण्यापूर्वी इंडेक्स टू हातात घेऊन सहा गोष्टी ताडून पाहा: दस्त क्रमांक, मोबदला, बाजारभाव, भरलेलं मुद्रांक शुल्क, क्षेत्र, नावं. भरलेली रक्कम आणि चलन जुळतं का तेही.

नंतर नोटीस येऊ शकते. लेखापरीक्षणात विभाग चुकीचा धरल्याचं किंवा पार्किंग सुटल्याचं दिसलं तर काही वर्षांनीही तुटीची मागणी होते. पहिल्या पायरीत केलेल्या हिशोबाचा कागद, त्या वर्षीच्या मूल्यदर तक्त्याची छापील प्रत आणि पूर्णत्वाचा दाखला दस्ताच्या फाइलीत ठेवा.

आयकराची जुनी पद्धत निवडली असेल तर स्वतः भरलेलं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी दीड लाखांच्या एकत्रित मर्यादेत, ज्या वर्षी भरली त्याच वर्षी वजा करता येते. नव्या पद्धतीत नाही. घर विकताना मात्र दोन्ही खर्च खरेदी किमतीत धरता येतात, पद्धत कोणतीही असो. त्यासाठी चलनाची डिफेस झालेली प्रत लागेल.

शेवटी, इंडेक्स टूची प्रत घेऊन मालमत्ता कराच्या नोंदीवर, सोसायटीच्या भागपत्रावर आणि बंगला किंवा रो हाउस असेल तर मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर नाव लावण्याचे अर्ज करा. नोंदणी झाली म्हणजे प्रत्येक नोंद आपोआप बदलते असं समजू नका, आणि जुन्या मालकाच्या नावाने येणारी कराची बिलं तुमच्या दारात पडत राहू देऊ नका.